खोडाच्या आतील लढाई

फिनलंड, स्वीडन, नॉर्वे या देशांच्या अरण्यांत स्प्रूस नावाचा सूचिपर्णी वृक्ष विपुल आढळतो. बाहेरून हिरवागार दिसणारा एखादा स्प्रूस तोडला, तर कधीकधी त्याचा गाभा तपकिरी व भुसभुशीत झालेला दिसतो. मग हे झाड जिवंत राहिले कसे?

खोडाचा मधला भाग, म्हणजे मध्यकाष्ठ, मुळात मृत पेशींचाच असतो. मुळांकडील पाणी वर नेण्याचे काम त्याभोवतीचे रसकाष्ठ करते. म्हणून गाभा कुजला तरी झाड जगते. परंतु ते वादळात मोडण्याची भीती असते आणि त्याचे लाकूड वाया जाते.

ही नासाडी मुख्यतः हेटेरोबॅसिडियन हे कवक करते. झाड तोडल्यावर उरलेल्या ताज्या बुडख्यावर त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन पडतात. ते रुजले, की त्यांचे तंतू मुळांत उतरतात आणि जेथे मुळाला मूळ भिडलेले असेल, तेथून शेजारच्या जिवंत झाडात शिरतात.

झाडही स्वस्थ बसत नाही. रसकाष्ठातील जिवंत पेशी राळ व कवकाला मारक अशी द्रव्ये साठवून बांध घालतात. एरवी किंचित आम्लधर्मी असणारे लाकूड या पट्ट्यात अल्कधर्मी बनते.

पण लढाई केवळ दोघांची नसते. जिवंत स्प्रूसच्या गाभ्यात जीवाणू व इतर कवकेही राहतात. ॲस्कोकोरीन हे त्यांपैकीच एक कवक. ते लाकूड फारसे कुजवीत नाही; मात्र त्याने आधी ठाण मांडले असेल, तर नंतर येणाऱ्या कवकांना तेथे पाय रोवणे अवघड जाते, असे शास्त्रज्ञांना वाटते.

'जो आधी येईल, त्याची जागा' हे तत्त्व माणसानेही वापरले. इंग्लंडमधील केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉन रिशबेथ यांनी पाइनच्या ताज्या बुडख्यांवर फ्लेबिओप्सिस या दुसऱ्या कवकाचे बीजाणू लावून पाहिले. त्यांचे हे प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाले. फ्लेबिओप्सिस मेलेला बुडखा झपाट्याने व्यापते, पण शेजारच्या जिवंत झाडांना उपद्रव देत नाही. आज फिनलंड व स्वीडनमध्ये झाड तोडतानाच यंत्राने स्प्रूसच्या बुडख्यांवर ते फवारतात.

आपल्या घरी दुधाला विरजण लावताना हेच घडते. विरजणातील जीवाणू आधी जागा पटकावतात व दूध आंबट करतात. मग नासविणाऱ्या जंतूंचे तेथे फारसे चालत नाही. वृक्ष वाचविण्यासाठी दर वेळी विषच लागते असे नाही. योग्य पाहुणा वेळेवर आणून बसविला तरी पुष्कळदा काम भागते.