जुन्या घराला नवी खोली

घरात माणसे वाढली, म्हणजे राहती जागा अपुरी पडू लागते. मग जुन्या घराला लागून नवी खोली बांधतात. काम वरवर सोपे दिसते. परंतु पुष्कळदा पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही भिंतींच्या सांध्यावर तडा जातो. असे का बरे होते?

जळगावजवळचे असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. तापीच्या खोऱ्यातील या भागात काळी माती पुष्कळ. ती कापसाला मानवते, पण घराला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. धाब्याचे जुने घर वर्षानुवर्षांच्या भाराने खाली बसून स्थिरावलेले असते. नवी भिंत मात्र आता कोठे बसू लागते. दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंतविल्या, तर एक स्थिर राहते, दुसरी खचते आणि सांधा फाटतो.

म्हणून जाणता गवंडी काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. जुन्या भिंतीलगतचा चर तो एकदम खणत नाही; थोडा खणतो, भरतो व मगच पुढे सरकतो. नाही तर आधार सुटून जुनी भिंतच कोसळावयाची! दोन भिंतींमध्ये तो बारीक फट राखतो आणि ती दबणाऱ्या, लवचिक पदार्थाने बुजवितो. नव्या छपराचा उतार तो जुन्या घराकडे न देता बाहेरच्या बाजूस देतो. कारण मातीच्या भिंतीचा खरा शत्रू म्हणजे पाणी.

जुन्याला धक्का न लागता नवे उभे राहिले, तरच घर वाढले असे म्हणावे.