जुना ॲनालॉग आवाज हवाय? सिंथ घेण्याआधी हे ऐका

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

मला हमखास येणारा मेसेज: "दादा, जुन्या सिंथचा तो जाडजूड, उबदार आवाज हवाय. कुठला घेऊ?"

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून मी एक सिंथ घेतला. 'ॲनालॉग' एवढा शब्द वाचला आणि विषय संपला. घरी येऊन कॉर्ड दाबली, तर एकच सूर वाजला! वाटलं, पीस खराब आहे. पण तो मोनोफोनिक होता, म्हणजे एका वेळी एकच सूर. मला हव्या होत्या पसरट, तरंगणाऱ्या कॉर्ड्स. वर्षभराने तो निम्म्या किमतीत विकला. रिक्वायरमेंट न समजता कोड लिहिला की जे होतं, तेच झालं.

म्हणून 'ॲनालॉग की डिजिटल' हा पहिला प्रश्न नाहीच. डोक्यात नेमका कुठला आवाज आहे, ते आधी ठरवा. ढोबळमानाने तीन घराणी धरू.

पहिलं मिनीमूगचं. १९७० चं वाद्य. एकाच सुरासाठी तीन ऑसिलेटर, म्हणजे आवाज तयार करणारी तीन सर्किट्स, आणि वरचा चरचरीतपणा झपकन कापणारा फिल्टर. भरदार बेस आणि लीडसाठी हेच.

दुसरं कॉर्ड्सचं. १९७८ चा प्रॉफेट-५ एका वेळी पाच सूर वाजवायचा, प्रत्येक सुराला दोन ऑसिलेटर. ते तंतोतंत जुळत नाहीत, थोडे सरकतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांमध्ये केसभर फरक असला की आवाज कसा जिवंत वाटतो, तसंच हे. याउलट १९८२ चा जुनो-६०. त्याच्या ऑसिलेटरची पट्टी डिजिटल घड्याळाने बांधलेली, ती हलतच नाही! मग ती ऊब कुठून येते? बरीचशी त्याच्या कोरस इफेक्टमधून. म्हणजे 'ॲनालॉग सरकतं म्हणून उबदार' हे अर्धंच खरं.

तिसरं टीबी-३०३ चं. एकच ऑसिलेटर, पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय, जवळपास मींडेसारखी. मुंबईचे स्टुडिओ वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच यंत्र, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांचा डिस्को अल्बम केला. नक्की शोधून ऐका.

आता आजचे पर्याय.

मिनीमूगसारखा बेस हवा असेल, तर बेहरिंगर मॉडेल डी. तीन ऑसिलेटर आहेत, पण पट्ट्या नाहीत. कीबोर्ड वेगळा जोडावा लागतो. मी केलेली चूक इथे पुन्हा होऊ शकते, कारण हाही एकसुरीच आहे.

कॉर्ड्स हव्या असतील, तर कॉर्ग मिनीलॉग. चार सूर, खरं ॲनालॉग, शिकायला सोपा. पण दोन्ही हातांनी मोठ्या कॉर्ड्स वाजवणाऱ्यांना चार सूर कमी पडतात. पाचवा दाबला की आधीचा एक तुटतो. त्यांनी बारा सुरांचा डीपमाइंड १२ बघावा. खिसा खूपच मोठा असेल, तर प्रॉफेट-५ स्वतःच २०२० मध्ये पुन्हा आलाय. त्यात सुरांमधला हा बारीक फरक कमी-जास्त करायला वेगळा नॉब आहे.

नेमका जुनोचा रंग हवा असेल, तर रोलँड जेयू-०६ए. आतून पूर्ण डिजिटल, सूर चारच, पण कोरस सुरू केला की ओळखीचा आवाज येतो. ३०३ साठी बेहरिंगर टीडी-३ आहे.

पण थांबा. लगेच काही घेऊ नका. लॅपटॉप असेल, तर यू-ही कंपनीचं टायरेल एन६ हे प्लगइन फुकट आहे आणि ते जुनोच्याच वळणाचं आहे. आयफोन किंवा आयपॅड असेल, तर मिनीमूग मॉडेल डीचं ॲप मिळतं. महिनाभर त्यावर वाजवा. फक्त ब्लूटूथ हेडफोन नको, आवाज उशिरा येतो. वायरवाला लावा. फोनच्या स्पीकरवर तर बेस कळतच नाही.

महिन्यानंतर स्वतःला तीन प्रश्न विचारा. एका वेळी किती सूर लागले? बेस जास्त वाजवला की कॉर्ड्स? कोरस बंद केल्यावरही आवाज आवडतो का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर तुम्हाला सिंथ नाही, कोरस पेडल हवंय. तेवढे पैसे वाचले!

आणि महिनाभरात नॉब फिरवायची हौसच फिटली, तर प्लगइनवरच छान चाललंय असं समजा. मी आज बहुतेक गाणी तशीच करतो.

तुमच्या डोक्यात कुठला आवाज आहे, ते गाण्याच्या नावासकट कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर वाजवत राहा!