काढा घ्या, पण आधी यकृताला विचारा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असे लिहून आले, की बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत गोळीआधी काढ्याची चर्चा सुरू होते. त्यात नवल काही नाही. पावसाळ्यात बांधावर भुईआवळी उगवते, कडुनिंबावर गुळवेल चढलेली असते आणि काविळीवर पाला देणारा जाणता माणूस पंचक्रोशीला ठाऊक असतो. पण कावीळ वेगळी आणि यकृतात साठलेली चरबी वेगळी.

दारूला न शिवणाऱ्यालाही हा आजार होतो. पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह, रक्तातली चरबी ही त्याची मुळे. अंगाने बारीक दिसणारेही त्यातून सुटत नाहीत. दुखत काहीच नाही, म्हणून वर्षे निघून जातात आणि काहींचे यकृत कडक होत जाते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तो यामुळेच.

चीनमध्येही लोक वनौषधींकडेच वळतात. तिथल्या वैद्यकात हुआंगलियान नावाचे पिवळे, कडूजहर मूळ शतकानुशतके जुलाबावर देतात. त्यातले बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असते. शांघायच्या संशोधकांनी ते १८४ रुग्णांवर १६ आठवडे तपासले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार आणि व्यायामाच्या जोडीला बर्बेरिन घेणाऱ्यांच्या यकृतातली चरबी सुमारे ५३ टक्क्यांनी घटली. नुसत्या आहार-व्यायामावर असलेल्यांची? तीही ३६ टक्क्यांनी! म्हणजे मोठे काम ताटाने आणि पायांनीच केले होते. शिवाय ते मोजून दिलेले शुद्ध द्रव्य होते, अंदाजाने उकळलेला काढा नव्हे.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. केस काळे राहावेत म्हणून चीनमध्ये घेतल्या जाणाऱ्या हो शौ वू या मुळाने अनेकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे करोनाकाळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वनस्पती नेमकी कोणती होती, दुसरीच कुठली सारखी दिसणारी वेल तर नव्हती ना, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा आक्षेप खरा मानला तरी धोका उरतोच, कारण बाजारातल्या पुडीत कोणती वेल आहे हे गिऱ्हाईक ओळखणार कसे?

वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरले, तर यकृताची सूजही ओसरू लागते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी घरात आहेच. दिवसभराच्या चहातली साखर कमी करायची आणि रोज चालायचे.

काढा सुरू असेल तर डॉक्टरांपासून तो लपवू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात जा किंवा गावातल्या दवाखान्यात; पुडी, बाटली, चूर्ण जे घेत असाल ते सोबत न्या. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि लगेच तपासणी करून घ्या.