सुतारी टेबलाच्या जड फळीतील अचूक छिद्रे : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करीत असे. बैलगाडीचे चाक, नांगर, दाराची चौकट ही सारी कामे त्याने याच बैठकीत केली. उभ्याने काम करण्याचे जड टेबल त्याच्याकडे पुढे आले, ते प्रामुख्याने औद्योगिक प्रशिक्षणाच्या मार्गाने. या टेबलावर पायाचे काम फळीतील छिद्रे करतात. त्यांत खुंट्या किंवा लोखंडी पकड बसवून लाकूड स्थिर केले जाते.

म्हणूनच छिद्र सरळ असणे महत्त्वाचे ठरते. ७५ मि.मी. जाडीच्या फळीत गिरमिट केवळ एक अंश कलले, तरी खालच्या बाजूस छिद्र सुमारे १.३ मि.मी. सरकते. खुंटी तिरपी उभी राहते आणि रंधा मारताना लाकूड वर उचलले जाते. आपटून बसवायच्या पकडीसाठी छिद्र किंचित सैल चालते, किंबहुना ते तसेच हवे; कारण ती छिद्रात थोडी तिरकी होऊनच घट्ट अडकते.

पिलर ड्रिलवर छिद्र काटकोनात पडते, हे खरे. परंतु २ मीटर लांब, ६० सें.मी. रुंद आणि ७५ मि.मी. जाड सागवानी फळीचे वजन ६० किलोच्या आसपास भरते. ती यंत्रावर तोलणे कठीण. शिवाय यंत्राचा खांब आड येत असल्याने रुंद फळीच्या मध्यापर्यंत बिट पोहोचतेच असे नाही. अशा वेळी यंत्राची अचूकता फळीकडे न्यावी लागते. कठीण लाकडाच्या जाड ठोकळ्यात पिलर ड्रिलवर १९ मि.मी.चे छिद्र पाडावे, ठोकळा आखलेल्या खुणेवर शिकंज्याने आवळावा आणि त्यातून त्याच मापाचे गिरमिट चालवावे. भुसा वरचेवर बाहेर काढावा. बाभळीसारख्या चिवट लाकडात तो लवकर अडकतो. गिरमिटाचे टोक खालून डोकावताच थांबून उरलेले छिद्र खालच्या बाजूने पुरे करावे, म्हणजे कड फुटत नाही. वारंवार वापराने ठोकळ्याचे छिद्र झिजते. त्यात लेथवर कातलेली लोखंडी बुश बसविल्यास तो दीर्घकाळ टिकतो.

ओल्या लाकडात मात्र ही सारी काळजी वाया जाते. लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आकसते आणि गोल छिद्र लंबगोल होते. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात व येथील उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे फळी पूर्ण वाळल्यावरच गिरमिट हाती घ्यावे.