पाळी संपल्यावरची चित्रं

१९३४ सालच्या शरद ऋतूत इंग्लंडच्या ईशान्येकडच्या अ‍ॅशिंग्टन या गावातल्या काही खाणकामगारांनी ठरवलं, की यंदा चित्रकला समजून घ्यायची. काढायची नाही, नुसती समजून घ्यायची. ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ ही संस्था तेव्हा कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवत असे, आणि अ‍ॅशिंग्टनच्या या मंडळींचा उत्क्रांतिवादाचा वर्ग आधीच करून झाला होता. डार्विननंतर आता चित्रकला! दिवसभर जमिनीखाली कोळसा फोडायचा, अंघोळ उरकायची आणि संध्याकाळी वर्गात जाऊन बसायचं, असा हा हौशी कारभार.

न्यूकॅसल शहराच्या उत्तरेला जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असलेलं अ‍ॅशिंग्टन स्वतःला जगातलं सगळ्यात मोठं कोळशाचं खेडं म्हणवून घेत असे. खाणमालकांनी बांधलेल्या कामगारांच्या चाळी, आणि त्यांना नावं तरी काय, तर ‘पहिली रांग’, ‘दुसरी रांग’ अशी अकरापर्यंत. १९६६चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातले बॉबी आणि जॅक चार्लटन हे भाऊ याच गावचे. पण गावात कलादालन नव्हतं, आणि खरंखुरं तैलचित्र जवळून पाहिलेली माणसं शोधावी लागली असती.

त्यांना शिकवायला आले रॉबर्ट लायन. न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजात ते चित्रकला शिकवत. त्यांनी रिवाजाप्रमाणे अंधाऱ्या खोलीत पडद्यावर प्रबोधनकाळातल्या इटालियन चित्रांच्या स्लाइड दाखवायला सुरुवात केली. विद्यार्थी सभ्यपणे बघत राहिले, पण गाडी काही पुढे सरकेना. त्यांना हवं होतं ते वेगळंच. चित्राकडे बघायचं कसं, आणि ते चांगलं की वाईट हे कोणी ठरवायचं? या प्रश्नांना स्लाइडमधून उत्तर मिळत नव्हतं.

लायन यांचं मोठेपण हे, की त्यांनी दोष विद्यार्थ्यांना दिला नाही, शिकवायची पद्धतच फिरवली. चित्र समजायचं असेल तर स्वतः काढून बघा, असं त्यांनी सांगितलं. आधी लिनोलियमचे ठसे कोरणं, मग रेखाटन, मग रंग. आठवड्याला एक विषय द्यायचा: ‘पहाट’, ‘महापूर’ असा काहीतरी. प्रत्येकाने घरी जाऊन चित्र करायचं, पुढच्या वर्गात भिंतीला टेकवून ठेवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्यावर बोलायचं. खाणीत एकमेकांच्या भरवशावर जीव सोपवणारी ही माणसं. चित्र फसलं तर फसलं म्हणायला कोणी भीड बाळगण्याचं कारण नव्हतं. या मंडळाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची गोष्ट कुठली असेल, तर ही चर्चा. कलाशाळेत गुरू बोलतो आणि शिष्य ऐकतो. इथे थोड्याच दिवसांत गुरूही त्या गोतावळ्यातला एक झाला.

साहित्य म्हणाल तर पुठ्ठा, प्लायवूडचे तुकडे आणि पुष्कळदा भिंतींना द्यायचा घरगुती रंग. विषयांसाठी मात्र त्यांना फार भटकावं लागलं नाही. जिमी फ्लॉइडने परसातली कबुतरांची खुराडी रंगवली. जॉर्ज ब्लेस्डने व्हिपेट म्हणजे शर्यतीत पळणारे सडपातळ कुत्रे रंगवले; कबुतरं, कुत्रे आणि भाजीचे वाफे हे तिथल्या कामगारांचे जिवाभावाचे छंद. हॅरी विल्सन तर खाणकामगारही नव्हता, तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याने खाणीचं आवार रंगवलं आणि कमिटीची बैठकही. कमिटीच्या बैठकीचं चित्र! आयुष्यातल्या निम्म्या संध्याकाळी ठराव मांडण्यात आणि अनुमोदन देण्यात घालवलेल्या माणसालाच तो विषय सुचू शकतो. नुसत्या सहानुभूतीपोटी कामगारवस्ती रंगवायला आलेला बाहेरचा चित्रकार धुराडी आणि वाकलेल्या पाठी काढून परतला असता.

ऑलिव्हर किलबर्न हा त्या सगळ्यांत ठळक ठरला. जन्म १९०४चा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. त्याच्या ‘शनिवारची रात्र, क्लबात’ या चित्रातली दाटी पाहताना गोंगाट ऐकू आल्यासारखा वाटतो. पण त्याची खरी ताकद जमिनीखालच्या दृश्यांत आहे. दोन-अडीच फुटांच्या थरात माणूस कुशीवर पडून कसा खणतो, छताला टेकू कसा देतो, अंगावर आखूड चड्डी तेवढी का ठेवतो, हे त्याने ज्या तपशिलात दाखवलं ते कॅमेऱ्याला जमणं अवघड होतं. दिव्याचा उजेड पडेल तेवढंच जग, बाकी काळोख. प्रकाशयोजनेचा हा धडा त्याला कुठल्या पुस्तकातून मिळालेला नव्हता.

१९३६च्या फेब्रुवारीत हेलन सदरलँड या धनिक संग्राहक बाईंच्या मदतीने मंडळी लंडनला गेली. बेन निकल्सनसारख्या नव्या चित्रकारांची कामं जमवणाऱ्या या बाई अ‍ॅशिंग्टनपासून फारशा दूर राहत नव्हत्या. लंडनमध्ये टेट गॅलरी झाली, रॉयल अकॅडमीत भरलेलं चिनी कलेचं मोठं प्रदर्शनही पाहून झालं. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत त्यांचं स्वतःचं पहिलं प्रदर्शन लागलं आणि वर्गाला ‘अ‍ॅशिंग्टन ग्रुप’ हे नाव मिळालं. रीतसर नियमावली केलेलं मंडळ झालं ते. संघटनेत मुरलेल्या माणसांना नियमावलीशिवाय चैन पडणार तरी कसं?

मग पाहुणे येऊ लागले. सामान्य लोकांच्या जगण्याच्या नोंदी करणाऱ्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ चळवळीचे टॉम हॅरिसन आणि चित्रकार ज्युलियन ट्रेव्हेल्यन १९३८ साली तिथे आले. त्याच वर्षी गेट्सहेडला धंदेवाईक नसलेल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यात अ‍ॅशिंग्टनची चित्रं होती. बाहेरच्यांच्या कौतुकात एक ठराविक सूर असे: अडाणी पण निरागस, न शिकलेले म्हणून अस्सल. हा सूर थोडा अन्यायाचाच आहे. उत्क्रांतिवाद वाचलेल्या, दर आठवड्याला एकमेकांच्या रचनेची चिरफाड करणाऱ्या माणसांना निरागस म्हणायचं तरी कसं?

नावाजले गेल्यावर बहुतेक मंडळं फुटतात. कोणी एक वर जातो, बाकीचे मागे पडतात. इथे तसं झालं नाही. निवडक चित्रं विकायची नाहीत, मंडळाच्या कायम संग्रहात ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. १९४२ साली लायन एडिनबरोच्या कलाशाळेचे प्राचार्य होऊन गेले, तरी वर्ग मोडला नाही. सभासदांनी स्वतःची लाकडी शेड उभी केली आणि तिथे जमत राहिले.

तिथून फार लांब नसलेल्या स्पेनीमूरमध्ये दुसरी वाट दिसते. तिथल्या सेटलमेंट या समाजकेंद्रातही एक चित्रमंडळ होतं. त्यातला नॉर्मन कॉर्निश १४व्या वर्षी खाणीत गेला, तेहेतीस वर्षं तिथे राबला आणि १९६६मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला. दारूच्या गुत्त्यातली गिऱ्हाइकं, उताराचे रस्ते, पाळीवर निघालेली माणसं यांची त्याची चित्रं आज मोठ्या भावाने विकली जातात. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण कॉर्निशला यश मिळालं ते एकट्याचं, अ‍ॅशिंग्टनला मिळालं ते सगळ्यांचं मिळून.

सत्तरच्या दशकापर्यंत अ‍ॅशिंग्टन ग्रुप जवळजवळ विसरला गेला होता. १९७१मध्ये कलासमीक्षक विल्यम फीव्हर यांची किलबर्नशी गाठ पडली आणि शेडमधली चित्रं पुन्हा जगासमोर आली. १९८०मध्ये ती चीनला जाऊन आली. याच काळात निवृत्त किलबर्नने आपल्या खाणीतल्या आयुष्याची चित्रमालिका पुरी केली. यंत्रं येण्याआधी काम कसं चाले, हे पुढच्यांना कळावं म्हणून. १९८४मध्ये, पन्नास वर्षांनी, मंडळ विसर्जित झालं. अ‍ॅशिंग्टनची खाण १९८८मध्ये बंद पडली. शेजारची वुडहॉर्नची खाण त्याआधीच थांबली होती. तिच्या जागेवर आता संग्रहालय आहे, आणि मंडळाचा संग्रह तिथे एकत्र पाहायला मिळतो.

बहुतेकांना हे मंडळ आज माहीत आहे ते ली हॉल यांच्या ‘द पिटमेन पेंटर्स’ या नाटकामुळे. फीव्हर यांच्या पुस्तकावर बेतलेलं हे नाटक २००७ साली न्यूकॅसलला झालं आणि तिथून लंडन, मग ब्रॉडवेपर्यंत पोचलं. नाटकाची गरज म्हणून त्यात वर्गातले पाचच जण उरले आहेत, आणि प्रश्न उभा राहतो तो किलबर्नपुढे: खाण सोडून चित्रकार व्हावं की नाही? रंगमंचावर हा पेच फार परिणामकारक होतो. पण वुडहॉर्नमध्ये चित्रांसमोरून फिरताना दिसतात ते त्या पाचांखेरीज आणखी कितीतरी हात. काहींना प्रमाणबद्धता कधीच जमली नाही, काहींनी मोजकीच चित्रं केली. त्यांचीही कामं किलबर्नच्या शेजारी त्याच भिंतीवर टांगलेली आहेत.