चालायला शिकवणारा पायबंद

जनावराने भटकू नये म्हणून त्याच्या पायांना जी दोरी बांधतात, तिला पायबंद म्हणतात. परंतु एक पायबंद असाही आहे, की जो बांधल्यामुळे न चालणारा जीव चालू लागतो. तो कोंबडीच्या नवजात पिलासाठी असतो.

कोंबडीचे अंडे उबण्यास सुमारे 21 दिवस लागतात. चोचीवरील इवल्याशा टोकाने पिलू आतून कवच फोडते. बाहेर आल्यावर काही तास ते ओले, थकलेले असते, डगमगते, धडपडते. हे व्यंग नव्हे. पोटात सामावलेल्या बलकावर त्याची पहिल्या एकदोन दिवसांची भूक भागते. या शिदोरीमुळेच मुंबईच्या आरे वसाहतीतील सरकारी कुक्कुटपालन केंद्रासारख्या ठिकाणांहून एक दिवसाची पिले दूरवर पाठवता येतात.

मात्र अंग सुकून इतर पिले धावू लागली आणि एखादेच पिलू पाय दोन्ही बाजूंना फाकून पोटावर पडून राहिले, तर त्याला साहाय्य हवे. त्याला दाण्यापाण्यापर्यंत जाता येत नाही. शिदोरी संपली की ते दगावते.

पुष्कळदा याचे कारण पायांखालच्या जमिनीत असते. खेड्यात खुडूक कोंबडी पेंढ्यावर बसवतात. तेथे पिलाच्या नखांना आधार मिळतो. अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकेत लादीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिलाचे पाय घसरतात आणि कोवळे स्नायू तसेच ताणले जातात. म्हणून प्रथम खोक्यात गोणपाट अंथरावे.

मग वडीलधाऱ्यांच्या मदतीने पायबंद बांधावा. मलमपट्टीच्या मऊ चिकटपट्टीची अरुंद फीत घेऊन ती दोन्ही पायांभोवती, पंजाच्या किंचित वर, सैलसर गुंडाळावी. दोन पायांत सुमारे अडीच सेंटिमीटर अंतर राहावे, म्हणजे पाय अंगाखाली येतात. फीत आवळली तर रक्तप्रवाह अडतो. पंजा सुजला वा काळानिळा दिसला, तर ती तत्काळ सोडावी. पिलू उताणे पडल्यास त्याला उठता येत नाही. म्हणून लक्ष ठेवावे. दाणा व उथळ पाणी जवळ असावे. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 35 अंश सेल्सियस ऊब लागते. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

हा उपाय पहिल्या एकदोन दिवसांतच करावा, कारण तेव्हा हाडे व स्नायू लवचीक असतात. बहुधा दोनचार दिवसांत पिलू उभे राहते.

परंतु प्रत्येक लंगडेपणावर हा उपाय चालत नाही. आई-कोंबडीच्या आहारात ब-2 जीवनसत्त्व कमी पडले, तर पिलाची बोटे आत वळतात. सांधा सुजला असेल किंवा शीर सांध्यावरून सरकली असेल, तर पशुवैद्यांकडेच जावे. अशा वैद्यांना शिक्षण देणारे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली स्थापन झाले.

दुर्बळाला मदत करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : ती वेळेवर व्हावी आणि गरजेपुरतीच असावी. पिलाचे पाय जागेवर आले, की फीत काढून टाकावी. पुढची पावले त्याची त्यानेच टाकायची असतात.