उघड्या डोळ्यांची निद्रा

हौसेने घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणाऱ्या गृहस्थाला एक अनुभव बहुधा पहिल्या काही दिवसांतच येतो. मध्यरात्री पाणी पिण्यासाठी उठावे, सहज दिवा लावावा, आणि संध्याकाळपर्यंत डौलाने फिरणारा निळा सर्जनमासा खडकाच्या कपारीत कुशीवर पडलेला दिसावा! रंग उडालेला, कल्ले जेमतेम हलणारे, डोळे मात्र टक्क उघडे. ‘गेला’ असे मनाशी म्हणत जाळे पाण्यात घालावे, तोच त्या स्पर्शासरशी ‘मेलेला’ मासा दचकून उसळावा आणि काचेवर आदळावा. ज्याला मरण समजले ती केवळ झोप होती. इजा झाली ती त्या झोपेमुळे नव्हे, तर ती न ओळखल्यामुळे.

ही चूक आजची नाही. मासा झोपत नाही, ही समजूत फार जुनी आहे. संस्कृतात ‘अनिमिष’ हा शब्द देवांसाठी योजला जातो, तसाच माशासाठीही. दोघांचीही पापणी लवत नाही म्हणून. चीन आणि जपानमधील बौद्ध मठांत पाठाच्या वेळी माशाच्या आकाराचे लाकडी वाद्य वाजवतात, तेही मासा अखंड जागृतीचे प्रतीक मानला गेल्यामुळेच. विशेष हे की, या समजुतीला अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी छेद दिला होता. माशाला पापण्या नसल्या तरी तो निश्चल राहतो, फक्त शेपटी किंचित हलवतो, आणि अशा वेळी सहज पकडला जातो. त्या अर्थी तो झोपतोच, असा त्याचा युक्तिवाद होता.

आधुनिक शास्त्राने नेमकी हीच दिशा धरली. डोळे मिटणे हे झोपेचे लक्षण नव्हेच. ठरावीक वेळी येणारी निश्चलता, ठरावीक जागा आणि पवित्रा, बाहेरच्या खुणांना उशिरा मिळणारा प्रतिसाद, आणि झोपमोड झाल्यास पुढे तिची होणारी भरपाई, ही झोपेची खरी कसोटी होय. २०१९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलांच्या मेंदूचे निरीक्षण करून त्यांच्या झोपेत दोन भिन्न अवस्था दाखवून दिल्या. त्यांचे माणसाच्या गाढ झोपेशी आणि स्वप्नावस्थेशी साम्य आहे, आणि या अवस्थांचे मूळ ४५ कोटी वर्षांहून जुने असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा झेब्रा मासा गोड्या पाण्यातला आणि मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले होते. जगाच्या प्रयोगशाळांना झोपेचे कोडे उलगडण्यास मदत करणारा हा जीव भारतातील ओढ्यानाल्यांत शतकानुशतके निवांत झोपत आला आहे.

गोड्या पाण्याची ही कथा, तर प्रवाळांच्या समुद्रातील शयनाचे प्रकार त्याहून नवलाचे. तेथे रात्र म्हणजे शिकाऱ्यांची वेळ, म्हणून प्रत्येक जातीने आपापला बंदोबस्त केला आहे. रॅस कुळातील अनेक मासे दिवस मावळताच वाळूत शिरतात आणि सकाळपर्यंत दिसत नाहीत. ट्रिगर मासा फटीत शिरून पाठीवरचा काटा उभा करतो. मागचा छोटा काटा त्याला खिटीसारखा अडकतो आणि मासा तेथे घट्ट रोवला जातो. काही फाइल मासे प्रवाळाची किंवा शेवाळाची फांदी तोंडात धरून झोपतात, म्हणजे प्रवाहाने वाहून जाण्याचे भय नाही. पिवळ्या डोक्याचा जॉफिश रात्री आपल्या बिळाच्या तोंडावर खडा ओढून घेतो. दार लावून निजण्याचाच हा प्रकार! ‘फाइंडिंग नीमो’ या २००३ सालच्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवलेला विदूषक मासा समुद्रफुलाच्या कुशीत निजतो. काचपेटीत समुद्रफूल नसले, की तोच बिचारा एखाद्या कोपऱ्यात तिरका होऊन रात्र काढताना दिसतो.

पोपटमाशाच्या काही जातींची तऱ्हा तर आणखी निराळी. हे मासे झोपण्यापूर्वी तोंडातून चिकट द्राव सोडून स्वतःभोवती पारदर्शक कोश विणतात. मोरे वामांना वास लागू नये म्हणून ही युक्ती असावी, असे १९५९ साली सुचवले गेले होते. पुढे २०१० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा ग्रटर आणि सहकाऱ्यांनी वेगळाच उपयोग दाखवला. कोश काढून घेतलेल्या माशांपैकी सुमारे ९४ टक्क्यांना रक्त शोषणारे बारीक परजीवी डसले. कोशातल्या माशांत हे प्रमाण १० टक्केच होते. थोडक्यात, ही समुद्रातली मच्छरदाणी! तिच्यासाठी मासा दिवसभराच्या शक्तीचा सुमारे अडीच टक्के भाग खर्च करतो.

झोप ही केवळ झोपणाऱ्याच्याच उपयोगाची असते असेही नाही. लाल समुद्रातील ऐलात येथील अभ्यासातून २००४ साली असे प्रसिद्ध झाले, की प्रवाळाच्या फांद्यांत शिरून निजणारे लहान डॅम्सेल मासे झोपेतही पर हलवत राहतात. त्यामुळे तेथील पाणी खेळते राहते आणि रात्री प्राणवायूला वंचित होणाऱ्या प्रवाळाला तो मिळतो. निजलेला पाहुणा घरमालकाला वारा घालतो, असा हा शेजारधर्म आहे.

आता काचपेटीकडे वळून पाहावे. समुद्रातून मासा आला, पण त्याच्याबरोबर रात्र आली का? उपाहारगृहांत, दुकानांत, कचेऱ्यांच्या स्वागतकक्षांत शोभेच्या पेट्यांवर दिवे अहोरात्र जळत ठेवलेले दिसतात. तळाशी शोभेचे गुळगुळीत दगड असतात, वाळूचा थर नसतो. मग रॅसने शिरावे कोठे? खडक असतो तोही मोकळा, फटीवाचूनचा. मग ट्रिगरने काटा रोवावा कोठे? प्रकाशाचा परिणाम तर प्रयोगांनी सिद्ध आहे. स्टॅनफर्डमध्येच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उजेडात ठेवलेल्या झेब्रा माशांची झोप जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. जेथे जीव डोळे मिटू शकत नाही, तेथे दिवा विझवणे हे सर्वस्वी पाळणाऱ्याच्याच हाती उरते.

त्यासाठी खर्च फारसा नाही. रोज ठरावीक वेळी दिवे मालवावेत, जमल्यास एकदम नव्हे तर क्रमाक्रमाने. जातीनुसार वाळू आणि कपारी द्याव्यात. रात्री पाहणे भागच असेल, तर मंद लाल प्रकाश पुरतो. नवा रॅस पहिले काही दिवस वाळूबाहेर आला नाही, तर वाळू उपसून त्याला शोधू नये. मात्र प्रत्येक विचित्र हालचालीला झोप म्हणून सोडून देणेही बरे नव्हे. कल्ले संथ लयीत हलत असतील आणि उजाडल्यावर मासा रंगासह पूर्ववत फिरू लागला, तर ती झोप. पण रात्री सर्वच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर पाण्यातला प्राणवायू घटला आहे असे समजावे. अंधारात शेवाळे प्राणवायू निर्माण करण्याचे थांबवतात आणि उलट तो वापरू लागतात. तेव्हा हवेचा पंप तातडीने तपासला पाहिजे. दिवसाही अंग टाकणारा, अन्न नाकारणारा मासा आजारीच समजावा.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी समुद्राचे रंग प्रथम तेथील काचेआड पाहिले. मत्स्यालये दिवसा पाहिली जातात. माशाचे अर्धे आयुष्य त्यामुळे पाहणाऱ्याच्या नजरेबाहेरच राहते. घरातील काचपेटी हे अर्धे आयुष्य जवळून कळण्याची संधी देते, पण ते कळण्यासाठी आधी दिवा मालवावा लागतो. माशाचे रंग ज्याने विकत घेतले, त्याने त्याच्या रात्रीची जबाबदारीही पत्करलेली असते. ती त्याने ओळखली, तर मध्यरात्री कुशीवर पडलेला मासा दिसताच त्याचा हात जाळ्याकडे जाणार नाही. दिव्याच्या बटणाकडे जाईल.